गेल्या वर्षीची चावी

वेणू भोईरला उजव्या कानानं ऐकू येत नाही. उल्हासनगर कॅम्प पाचच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ज्याला तिला शिव्या द्यायच्या असतात तो उजव्या बाजूनं येतो. उपयोग होत नाही. तिला ओठांवरून कळतं, आणि मग ती जे उलट बोलते ते ऐकायला शेजारचा फर्निचरवाला रंधा मारायचा थांबतो.

तो कान नवऱ्यानं घालवला. हरिचंद्र त्याचं नाव, अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर होता. माणूस काडीसारखा, पण हात जड. बाजारातून यायला उशीर झाला म्हणून त्यानं पितळी तांब्या तिच्या कानावर घातला. आठवडाभर कानात शिट्टी वाजत राहिली, मग तीही बंद झाली. तीन महिन्यांनी त्यानं पुन्हा तांब्या उचलला, तेव्हा वेणूनं वरवंटा उचलला. मनगटाची दोन हाडं मोडली. लोंबता हात घेऊन हरिचंद्र कर्जतला बहिणीकडे गेला तो आजतागायत फिरकला नाही. वेणू राहायची त्या बदलापूर गावातल्या बायकांनी तिला चारचौघांत नावं ठेवली, आणि दुपारी मागच्या दारानं येऊन एकेकीनं विचारलं, वरवंटा नेमका मारायचा कुठं.

पोटासाठी ती कॅम्प पाचमध्ये भूपेश शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागली. आधी झाडू-पोछा, मग टायपिंग, मग लहान कारखान्यांच्या वेबसाइटी सांभाळण्याचं काम. भूपेश शेठ सिंधी माणूस, तोंडानं गोड आणि स्वभावानं भित्रा. पण एक गुण त्याच्यात होता: जे येतं ते शिकवायचा. सर्टिफिकेटचं काम त्यानंच तिला शिकवलं.

हे काम म्हणजे काय, ते वेणू गावातल्या बायकांना असं सांगायची. फोनवर एखादं पान उघडलं की वर छोटं कुलूप दिसतं ना, ते कुलूप दिसण्यासाठी त्या पानाच्या मालकाकडे दोन गोष्टी लागतात. एक सर्टिफिकेट, ते सगळ्या जगाला दाखवायचं. दुसरी खासगी चावी, ती बापालाही दाखवायची नाही. ज्याच्या हाती चावी, तो त्या पानाचं सोंग घेऊन बसू शकतो, आणि तुमच्या फोनला कळतही नाही. जुन्या मशीनमधून दोन्ही गोष्टी एका बंद पुडीत बाहेर काढायच्या, पुडीला पासवर्ड लावायचा, आणि नव्या सर्व्हरला हव्या तशा वेगळ्या करून द्यायच्या. पुडीला पीएफएक्स म्हणतात. बस्स, एवढंच. एवढ्यावर वेणूनं अकरा वर्षं भाकरी खाल्ली.

पहिल्याच वर्षी तिनं एक पुडी चावीशिवाय काढली होती. बाहेर काढताना मशीन विचारतं, खासगी चावी सोबत द्यायची का, आणि 'नको' हे आधीच निवडलेलं असतं. वेणूनं पुढे-पुढे दाबत काम उरकलं. दुसऱ्या दिवशी एका रंगाच्या कारखान्याची साइट बंद पडली. मालकानं दुकानात येऊन कीबोर्ड उचलला आणि तिच्या तोंडावर फेकला. समोरचा एक दात गेला. वेणूनं त्याच कीबोर्डनं त्याच्या डोक्यात दोन टाके घालायची व्यवस्था केली, पण चूक तिनं मान्य केली. तेव्हापासून प्रत्येक पुडी ती दोनदा उघडून बघायची. आणि एक सवय तिनं स्वतःहून लावून घेतली: दरवर्षी नवं सर्टिफिकेट घेताना चावीही नवी बनवायची. भूपेश शेठ वैतागायचा.

"वेणू बहन, पुरानी चाबी पे ही नया सर्टिफिकेट मिल जाता है. खाली-पिली मेहनत कशाला?"

"शेठ, नवरा गेला तेव्हा मी घराचं कुलूप बदललं का नाय? चावी त्याच्या खिशात होती ना."



तिच्याकडच्या साइटींमध्ये एक फुकटची होती. तिचं नाव 'कानोसा'. अंबरनाथला वकिली करणाऱ्या किर्तीनं ती कारखान्यांतल्या बायकांसाठी काढली होती. सुपरवायझरनं हात लावला, अंगचटीला आला, की बाईनं तिथं लिहायचं. नाव आणि फोन फक्त किर्तीला दिसायचा. कारखान्याला नोटीस जायची ती बिननावाची. या साइटची चावी वेणू डोळ्यांत तेल घालून जपायची. कारण एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमधली पहिली तक्रार वेणूच्या स्वयंपाकघरात, वेणूच्याच फोनवरून लिहिली गेली होती.

लिहिणारी होती शलाका, वेणूच्या भावाची सून. सुपरवायझर राजेंद्रनं तिला स्टोअररूममध्ये दोनदा कोंडलं होतं. शलाका लिहिताना सारखी दाराकडे बघत होती, आणि ती राजेंद्रच्या भीतीनं नव्हे.

"आत्या, ह्यांना कळलं तर मना जित्ती सोडनार नाय," ती म्हणाली.

'हे' म्हणजे सनी, वेणूचा भाचा. आई अंथरुणाला खिळलेली असताना वेणूनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. पोर मोठं झालं ते खांद्यानं आणि आवाजानं. त्याच युनिटमध्ये तो गेटवर 'सिक्युरिटी' होता, म्हणजे ज्याला मारायचं त्याला राजेंद्रच्या सांगण्यावरून मारायचा. बायकोवरही त्याचा हात उठायचा. गालावर वळ घेऊन शलाका वेणूकडे आली की वेणू भाच्याच्या दारात जाऊन त्याला घराण्यासकट सोलून काढायची. तो मान खाली घालून ऐकायचा, आणि महिन्याभरानं वळ पुन्हा उठायचे.

"तुजं नाव माज्या तोंडून जानार नाय," वेणूनं शलाकाला सांगितलं. शपथबिपथ घ्यायची तिची रीत नव्हती.

कुणीतरी एकीनं लिहिलंय, एवढंच युनिटमध्ये पसरलं, आणि आणखी दहा जणींनी लिहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वेणूनं गावातल्या बायकांना वाण म्हणून वाट्या-चमचे दिले नाहीत, हातात मावतील असे आरसे दिले. प्रत्येक आरशामागे कागद चिकटवला होता: 'कुलूप नसेल तर नाव टाकू नको. पान लाल झालं तर समज कुणीतरी सोंग घेतलंय.' बायका हसल्या. तोंडाला पावडर लावताना तो कागद वाचून-वाचून पाठ मात्र झाला.

मार्चमध्ये किर्तीची नोटीस युनिटला गेली: अकरा तक्रारी, सगळ्या एकाच माणसाविरुद्ध. राजेंद्रनं ती वाचली आणि टेबलावरची काच बुक्कीनं फोडली. त्याला अकरा नावं हवी होती. युनिटमध्ये कॉम्प्युटर बघणारा वरद म्हणून एक जण होता, त्यानं वाट दाखवली. पॅकिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नसते, सगळ्या बायका कंपनीचं वायफाय वापरतात. त्या वायफायवर 'कानोसा'चं हुबेहूब खोटं पान लावायचं आणि वर लिहायचं, 'तक्रारदारांनी नाव व फोन पुन्हा नोंदवावा.' फक्त कुलूप दिसायला हवं. कुलपासाठी खासगी चावी हवी.

"ती तर माझ्या आत्याकडे असते," सनी म्हणाला. म्हणे अभिमानानं म्हणाला.

तो दुकानात आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. सोबत राजू, त्याच्यासारखाच गेटवरचा. राजूनं शटर अर्धं खाली ओढलं. भूपेश शेठ जेवणाचा डबा उघडत होता. सनीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याला खुर्चीसकट भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"आत्ये, कानोसाची पीएफएक्स दे. चावीवाली. आणि पासवर्ड."

"कशाला?"

"साहेबाला पायजे."

"साहेबाला म्हणावं, तुज्या आयसकडं माग."

पहिली थप्पड चांगल्या कानावर बसली. क्षणभर वेणूला जगच ऐकू येईना. टेबलाच्या कडेला तिचं कपाळ आपटलं, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तिनं हाताला लागलेला स्टेपलर सनीच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फुटला. राजूनं मागून तिचे केस धरले आणि डोकं मागे ओढलं.

"आत्ये, मस्ती नको करू ना. मी तुला मारायला आलो नाय."

"मंग हे काय, आरती चाललीय?"

सनीनं तिचा फोन जमिनीवर टाकून टाचेनं चुरला. मग टेबलाचा लोखंडी ड्रॉवर उघडला, तिच्या डाव्या हाताची करंगळी त्यात घातली आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला.

वेणू ओरडली. शेजारी रंधा थांबला, पण कुणी आलं नाही. त्या गल्लीत अर्धं शटर दिसलं की लोक आपापली कामं करतात. माणसांचा राग करायचा तर याच गोष्टीचा करावा. मारणारा निदान समोर तरी असतो.

करंगळी गेली तेव्हाच वेणूचं डोकं चालायला लागलं. मशीनमध्ये 'कानोसा'च्या दोन पुड्या होत्या. एक या वर्षीची, एक गेल्या वर्षीची. जुनीत चावी होती, पासवर्ड खरा होता, नाव बरोबर होतं. फक्त मुदत फेब्रुवारीत संपली होती, आणि चावी नव्या सर्टिफिकेटला लागत नव्हती, कारण वेणू दरवर्षी चावी बदलत होती. ही जुनी पुडी दिली तर चालणार होतं. पण पहिल्या बोटाला दिली असती तर सनीला संशय आला असता. तो तिला ओळखत होता. वरवंटावाली आत्या एका करंगळीत मोडत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

म्हणून तिनं शिवी दिली आणि दुसरं बोट जाऊ दिलं.

दुसऱ्या बोटाला मात्र ती खरंच मोडत आली. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही, तो दातांत जाणवला. तोंडात लाळ आणि रक्त, डोळ्यांपुढे सनीचा फुटलेला ओठ, आणि जिभेच्या टोकाशी एक नाव. शलाका. बस्स, तेवढं एक नाव घेतलं की हा ड्रॉवर थांबला असता. तुझी बायको आहे रे त्या अकरांत, तुझ्याच साहेबानं तिला कोंडलं. साहेबाचा माणूस म्हणून सनीनं राजूलाच तिथं आडवा केला असता. वेणूनं तोंड उघडलं. नाव बाहेर पडण्याआधी तिनं ओठ दातांखाली धरला आणि तिसरं बोट स्वतः ड्रॉवरच्या फटीत सरकवलं. ती हे करत असताना सनीचे डोळे ओले झाले, हे तिनं पाहिलं. ड्रॉवर त्यानं तरीही बंद केला.

"देते," ती म्हणाली. "देते रे, भडव्या. थांब."

उजव्या हातानं माऊस धरून तिनं जुनी पुडी पेनड्राइव्हवर टाकली. पासवर्ड तोंडानं सांगितला. राजूनं तिथंच टाकून बघितला. पुडी उघडली. दोघं गेले.

भूपेश शेठ भिंतीकडे तोंड करून अजून रडत होता. "वेणू बहन, मुझे माफ कर," एवढंच म्हणत होता. किर्तीचा नंबर फुटलेल्या फोनमध्ये होता, शेठचा फोन सनी घेऊन गेला होता. शेठनं तिला रिक्षात घातलं. ती सांगत होती, आधी अंबरनाथला चल, किर्तीकडं, हॉस्पिटल नंतर. पण रेल्वे फाटकाच्या अलीकडे तिची शुद्ध हरपली, आणि घाबरट शेठनं पहिल्यांदाच तिचं न ऐकता रिक्षा हॉस्पिटलकडे वळवली.

पुढचं तिला शुद्धीवर आल्यावर किर्तीनं आणि बकुळामावशीनं सांगितलं. बकुळा म्हणजे पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी कामगार, अकरांपैकी एक.

राजेंद्र वरदच्या मानगुटीवर बसला होता. पाचच्या चहाच्या सुट्टीच्या आत पान लागलं पाहिजे. वरदनं पुडी फोडली, सर्टिफिकेट एका फाइलीत, चावी दुसऱ्या फाइलीत काढली, दोन्ही सर्व्हरला दिल्या. सर्व्हर मुकाट चालू झाला. सर्व्हर तारीख बघत नाही. तारीख बघतो समोरचा फोन. घाईत वरदनं तपासून पाहिलं नाही, आणि वेणूला याच घाईचा भरवसा होता. कारखान्यांतली माणसं काम चालू झालं की झालं म्हणतात. अकरा वर्षं ती त्यांच्याच चुका निस्तरत होती.

चहाच्या सुट्टीत युनिटच्या ग्रुपवर लिंक आली. बायकांनी ती उघडली. शेडभर फोन लाल झाले. सर्टिफिकेटची मुदत संपली आहे, हे पान सुरक्षित नाही. आणि पुढे जाण्याचं बटण नाही. ती खिट्टीही वेणूनंच कधीतरी खऱ्या पानावर घालून ठेवली होती: ते पान एकदा उघडलेला फोन त्या नावाचं बिघडलेल्या कुलपाचं पान पुढे उघडतच नाही.

"लाल आलंय गो!" बकुळामावशी ओरडली. "कोनीतरी सोंग घेतलंय!"

सोंग कुणी घेतलं असेल, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. ज्या अकरांनी लिहिलं होतं त्या उठल्या. ज्यांनी भीतीनं लिहिलं नव्हतं त्याही उठल्या. खोके चिकटवायच्या टेपच्या बंदुका प्रत्येकीच्या हातात होत्याच. पुढे करवतीसारखे दात असतात त्यांना. चाळीस बायका राजेंद्रच्या केबिनकडे निघाल्या. तो दारात आला आणि सवयीनं त्यानं सगळ्यांत पुढच्या बकुळामावशीच्या थोबाडीत दिली. म्हातारी खाली पडली. त्यानंतर राजेंद्रला दुसरी थोबाडीत द्यायची संधी मिळाली नाही. केबिनची काच फुटली, खुर्ची बाहेर आली, खुर्चीमागून तो आला. वरद टेबलाखाली शिरला आणि तिथंच राहिला.

टेपच्या बंदुकीनं राजेंद्रचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला तो शलाकानं. आणि फाडताना ती सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. स्टोअररूम, तारीख, वार, किती वेळ कडी लावली होती, सगळं. वेणूनं तीन बोटं देऊन जे झाकलं ते शलाकानं स्वतःच्या तोंडानं उघडं केलं. ते तिचं होतं, तिनं कधीही उघडावं.

सनी गेटवरून दंडुका घेऊन धावत आला होता, बायकांना पांगवायला. तो दारात थांबला. बायको बोलत होती, हातात रक्तानं माखलेली टेपची बंदूक, आणि ती बोलताना त्याच्याकडेच बघत होती. दंडुका त्याच्या हातातून कधी पडला ते त्याला कळलं नाही, असं बकुळामावशी म्हणाली.

पोलीस आले. राजेंद्रला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि तिथून पुढे कोठडीत. सात बायकांवरही गुन्हा दाखल झाला. किर्ती त्यांच्या जामिनाच्या मागे होती. मध्येच येऊन तिनं वेणूला विचारलं, आता चावीचं काय करू? वेणूनं पडल्यापडल्या सगळं सांगितलं. त्यांच्या हाती जुनंच गेलं म्हणून निश्चिंत राहायचं नाही, चालू आहे तेही रद्द करायला लाव, मशीनला त्यांचे हात लागलेत, माझा हात बरा होईपर्यंत शेठ बसेल आणि मी शेजारून बोलेन. डाव्या हाताची तीन बोटं प्लास्टरात होती. डॉक्टर म्हणाले, करंगळी सरळ होणार नाही. वेणू म्हणाली, तिचं काय काम असतं तशीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सनी आला. दोन रात्री तो घरी गेला नव्हता. ओठावरची जखम सुजली होती. खाटेजवळ तो डाव्या बाजूनं येऊन उभा राहिला, ऐकू येणाऱ्या. 

"आत्ये, तुना ठावं व्हतं?"

"व्हतं."

"त्या टायमाला ठावं व्हतं? मी ड्रॉवर... तवा?"

"तवाबी."

सनीनं खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली. "मंग बोलली का नाय? एक नाव घेतलं असतंस तं मी थांबलो असतो. देवाशपथ थांबलो असतो, आत्ये. तुज्या बोटाला हात लावला नसता."

"थांबला असतास," वेणू म्हणाली. "मना ठावं हाय. मंग?"

"मंग काय? तसाच गेलो असतो, त्याला..."

"कुठं गेला असतास सनी? खरं बोल. आधी कुठं?"

सनीनं बोलायला तोंड उघडलं. हिच्या मांडीवर तो वाढला होता, हिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. डोळ्यांसमोर त्याला रस्ता दिसला. दुकानातून निघून तो एमआयडीसीकडे वळत नव्हता. तो बदलापूरला, घरी जात होता. शलाकाला धरून विचारत होता, तू तिथं गेलीस कशाला, मला आधी का नाही सांगितलंस, लोकांना सांगितलंस. आणि राजेंद्रची पाळी त्यानंतर कधीतरी.

त्याचे हात दांडीवरून सुटले. वेणूनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिला रडू आलं. बोटं मोडताना आलं नव्हतं. तिनं चांगला हात पुढे केला तो त्याच्या डोक्यावर ठेवायला की त्याला ढकलायला, ते तिलाही कळलं नाही. हात मध्येच थांबला आणि चादरीवर आला.

"जा," ती म्हणाली.

सनी वळला. वॉर्डच्या दारात शलाका डबा घेऊन उभी होती. दोघं एकमेकांसमोर आली. शलाका एका बाजूला सरकली, त्याला जायला पुरेशी वाट देऊन, आणि जिन्यावरचे त्याचे पाय वाजायचे थांबेपर्यंत ती आत आली नाही.